थेसालोनिकीत ज्यू वस्ती शोधू नका, अख्खं शहरच त्यांचं होतं

प्रश्न थोडक्यात असा: ग्रीसमधल्या थेसालोनिकीत तीन दिवस मुक्काम आहे. हे शहर पूर्वी ज्यूंचं होतं असं वाचलं, पण प्राग किंवा क्राकोसारखी 'ज्यू वस्ती' नकाशावर कुठेच सापडत नाही. मग पाहायचं काय, आणि हा इतिहास समजून घ्यायचा कसा? ग्रीस-तुर्कस्तानात मराठी पर्यटकांचे गट नेणं हाच माझा धंदा असल्यानं हा प्रश्न मला नवा नाही. उत्तर मात्र लांबणार आहे.

वस्ती सापडत नाही, कारण वेगळी वस्ती अल्पसंख्याकांची असते. व्हेनिसनं १५१६ साली ज्यूंना एका बेटावर बसवलं आणि रात्री दरवाजे लावून घ्यायला सुरुवात केली, म्हणून आज तिथे 'गेटो' दाखवता येतो. थेसालोनिकीत असा दरवाजा नव्हताच. तो आला थेट १९४३ मध्ये, जर्मनांबरोबर, आणि काही महिनेच टिकला. सोळाव्या शतकापासून पुढे चार शतकं ज्यू हा इथला सगळ्यांत मोठा समाज होता. १५१९ च्या ऑटोमन (तुर्की) नोंदीत शहराची निम्म्याहून अधिक लोकसंख्या ज्यू आहे. ग्रीसनं १९१२ मध्ये शहर घेतलं आणि पुढच्याच वर्षी शिरगणती केली. १,५७,८८९ लोकांत ६१,४३९ ज्यू, ४५,८६७ तुर्क आणि ३९,९५६ ग्रीक. ज्या देशानं शहर जिंकलं, त्याचे लोक तिथे तिसऱ्या क्रमांकावर होते. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं राजकारण त्यातून कळतं.

आणि ज्यू म्हटल्यावर सावकार, बँकवाले असं जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते इथे बाजूला ठेवा. पेढीवाले होते, गिरणीमालकही होते, पण गोदीतले हमाल ज्यू होते, कोळी ज्यू होते, तंबाखूच्या वखारीत पानं निवडणाऱ्या पोरी ज्यू होत्या, बूटपॉलिशवालेही ज्यू होते. हमालांच्या टोळ्या घराण्यानुसार चालत आणि जागा बापाकडून मुलाकडे जाई. त्यामुळे शनिवारी बंदर बंद. बाहेरून आलेलं जहाज शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, संपेपर्यंत नांगर टाकून उभं राही, कारण माल उतरवायला माणूसच नसे. आपल्या कोकणात बेने इस्रायली लोक शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. तिथे गावानं नाव दिलं आणि आपला घाणा चालू ठेवला. इथे गावालाच सुट्टी घ्यावी लागे.

हे लोक आले कुठून? ज्यू इथे पहिल्या शतकातही होते. संत पौलानं इथल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) प्रवचनं केल्याचा उल्लेख बायबलच्या नव्या करारात आहे. पण ते ग्रीक बोलणारे ज्यू. तुर्कांनी १४३० मध्ये शहर घेतलं, आणि १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान दुसऱ्या मेहमेदनं नवी राजधानी वसवण्यासाठी या ज्यूंना उचलून तिकडे नेलं. १४७८ च्या नोंदीत थेसालोनिकीत एकही ज्यू दिसत नाही. त्यानंतर चौदा वर्षांनी, १४९२ मध्ये, स्पेनच्या राजाराणीनं बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा असा हुकूम काढला, आणि सुलतान बायझीदनं आपली बंदरं उघडली. स्पेनमधून, सिसिलीतून, दक्षिण इटलीतून आणि सक्तीच्या धर्मांतरानंतर पोर्तुगालमधून लोक पुढची कित्येक वर्षं येतच राहिले.

पोर्तुगालचं नाव आलं की मी गोव्याचा विषय काढतोच. गार्सिया द ओर्ता आपल्याला ठाऊक आहे: स्पेनमधून पळालेल्या ज्यू आईबापांचा मुलगा, वरकरणी ख्रिस्ती, १५३४ मध्ये गोव्यात आला आणि हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये ग्रंथ छापला. त्याच्याच पिढीचा, त्याच्यासारखाच स्पेनमधल्या सालामांकाला वैद्यक शिकलेला दुसरा पोर्तुगीज वैद्य म्हणजे अमातुस लुसितानुस. तो अँटवर्प, फेरारा, अंकोना असा पळत पळत थेसालोनिकीला पोहोचला आणि तिथे उघडपणे ज्यू म्हणून राहिला. दोघंही १५६८ मध्येच वारले. अमातुस प्लेगच्या साथीत गेला. ओर्ता गोव्यात वारला, पुढच्या वर्षी इन्क्विझिशननं (चर्चच्या धर्मन्यायालयानं) त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. एकाच छळातून निघालेल्या दोन वाटा कुठे पोहोचल्या ते यापेक्षा थोडक्यात मला सांगता येत नाही.

आलेल्या मंडळींनी आपापली गावं बरोबर आणली. कास्तिया, आरागॉन, कातालुनिया, मायोर्का, लिस्बन, एवोरा, सिसिली, कालाब्रिया, पुलिया अशा नावांची तीसहून जास्त सिनेगॉग उभी राहिली. मुंबईत कोकणातल्या एकेका गावाचं मंडळ आणि त्याची भाड्याची खोली असायची, तसाच हा कारभार. प्रत्येक मंडळाचा धर्मगुरू वेगळा, कर गोळा करणारा वेगळा, गरिबांचा निधी वेगळा. भांडणंही भरपूर. कोण कोणत्या सिनेगॉगचा सभासद, एकातून फुटून दुसरं काढता येतं का, असल्या खटल्यांवर सोळाव्या शतकातल्या शमुवेल दे मेदिना या धर्मशास्त्र्यानं दिलेले निवाडे आज इतिहासकारांना खजिन्यासारखे वाटतात. १५२० च्या सुमारास सगळ्यांनी मिळून 'तालमुद तोरा' ही मोठी पाठशाळा काढली. छापखाना त्याआधीच आला होता. श्लोमो अल्काबेझ हा कवी याच शहरात जन्मला. तो पुढे पॅलेस्टाइनमधल्या साफेदला गेला आणि शब्बाथचं स्वागत करणारं 'लेखा दोदी' हे पद त्यानं रचलं. शुक्रवारी संध्याकाळी हे पद जगभर म्हटलं जातं, मुंबईतल्या आणि अलिबागकडच्या बेने इस्रायली मंडळींच्या प्रार्थनेतही.

पोट चालायचं लोकरीवर. जॅनिसरी, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळातल्या, सैनिकांच्या गणवेशाचं कापड इथे विणलं जाई आणि शहरातले ज्यू सरकारला कर म्हणून कापडच देत. लोकर महागली, पश्चिमेकडचं कापड स्वस्त झालं, तरी ठरलेले थान द्यावेच लागत. कापडाचा दर्जा घसरला म्हणून सतराव्या शतकात इथल्या मुख्य धर्मगुरूला इस्तंबूलमध्ये फासावर दिलं गेलं. 'सुलताननं आसरा दिला' हे खरंच आहे, पण त्याचं बिल दरवर्षी येत होतं.

शब्बाताय झ्वी या स्वयंघोषित मसीहाची गोष्ट मोठी आहे, ती इथे उरकतो. त्यानं १६६६ मध्ये जीव वाचवायला इस्लाम स्वीकारला, आणि पुढे १६८३ च्या सुमारास थेसालोनिकीतल्या काहीशे कुटुंबांनी त्याच्यामागून तेच केलं. बाहेरून मुसलमान, घरात स्वतःचे वेगळे विधी, लग्नं आपापसांत. त्यांना दॉन्मे म्हणतात. त्यांनी १९०२ मध्ये बांधलेली 'येनी जामी' ही मशीद आवर्जून पाहा. वास्तुरचनाकार इटालियन, आणि नक्षीत सहा टोकांचे तारे आहेत. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्ताननं धर्मानुसार लोकांची अदलाबदल केली, तेव्हा मुसलमान म्हणून हेही तुर्कस्तानात गेले. त्यामुळे वीस वर्षांनी जे झालं त्यातून ते वाचले.

एकोणिसाव्या शतकात शहर पुन्हा उसळलं. लिव्होर्नोहून आलेल्या अल्लातिनी घराण्यानं पिठाची गिरणी आणि विटांचा कारखाना काढला, १८७३ मध्ये फ्रेंच ज्यू संस्थेची शाळा आली, मुलं फ्रेंच शिकली, बायकांचे हिरव्या रेशमाचे 'कोफया' शिरोभूषण हळूहळू पेटीत गेले. मला या काळातला सर्वांत आवडणारा माणूस साअदी हालेवी. हा छापखानेवाला आणि गवई. मांसावरच्या धार्मिक करासारख्या गोष्टींवरून धर्मगुरूंशी वाजलं आणि १८७४ मध्ये त्याला वाळीत टाकलं. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायला नको. गडी पुढच्याच वर्षी 'ला एपोका' नावाचं वर्तमानपत्र काढून बसला आणि ते १९११ पर्यंत चाललं. म्हातारपणी त्यानं लॅडिनोत आठवणी लिहिल्या, त्यांचं हस्तलिखित वाचलं आणि अलीकडे छापलंही गेलं. लॅडिनो म्हणजे पंधराव्या शतकातली स्पॅनिश, त्यात हिब्रू, तुर्की, ग्रीक शब्द मिसळलेले आणि लिपी हिब्रू. बाजारात ग्रीक आणि तुर्क दुकानदारही ती कामापुरती बोलत.

१९०९ मध्ये आव्राम बेनारोयानं इथे 'फेदेरासिओन' ही समाजवादी कामगार संघटना उभारली. तिचं पत्र सुरुवातीला लॅडिनो, तुर्की, ग्रीक आणि बल्गेरियन अशा चार भाषांत निघे. ग्रीसच्या कामगार चळवळीचं मूळ शोधायला गेलात तर याच ज्यू तंबाखू कामगारांपाशी पोहोचाल.

आता मूळ मुद्दा. एवढं सगळं होतं तर गेलं कुठे? बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतात: हिटलर. माणसं त्यानंच मारली, यात शंका नाही. पण शहरातून खुणा पुसल्या गेल्या त्या एकाच हातानं नाही, आणि तिथे गेल्यावर हे हात वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला हात आगीचा. १८ ऑगस्ट १९१७, शनिवार. एका निर्वासित कुटुंबाच्या स्वयंपाकघरातली ठिणगी, वारा, आणि पाण्याचा तुटवडा, कारण पहिल्या महायुद्धातलं दोस्त सैन्य शहरात तळ देऊन होतं. सुमारे ७० हजार लोक बेघर झाले, त्यांतले ५० हजारांवर ज्यू. तीसहून जास्त सिनेगॉग, शाळा, ग्रंथालयं, मंडळांची दप्तरं, सगळं जळालं. ज्यू राहायचे समुद्राकाठच्या सखल भागात, आग खालच्या दिशेनंच पसरली. वरच्या टेकडीवरचा आनो पोली भाग वाचला, आज सगळे 'जुनं थेसालोनिकी' म्हणून त्याचेच फोटो काढतात. तो मुख्यतः तुर्क मोहल्ला होता.

दुसरा हात सरकारी आराखड्याचा. पंतप्रधान व्हेनिझेलोसच्या सरकारनं जळालेला सगळा भाग ताब्यात घेतला, लोकांना स्वतःच्या जागेवर घर बांधायला मनाई केली आणि फ्रेंच रचनाकार एर्नेस्त एब्रारकडून नवं शहर आखून घेतलं. तुम्ही ज्या आरिस्तोतेलूस चौकात कॉफी प्याल तो त्याचाच. जुन्या मालकांना रोखे मिळाले, भूखंडांचे लिलाव झाले. पैसेवाले ज्यू परत घेऊ शकले, गरीब कायमचे शहराबाहेरच्या वसाहतींत गेले. शहर ग्रीक करण्याचा हेतू किती आणि आधुनिक करण्याचा किती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. माझ्या मते दोन्ही होते आणि एकमेकांच्या सोयीचे होते. त्यानंतर आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कस्तानातून) सुमारे एक लाख ग्रीक निर्वासित आले आणि ज्यू बघता बघता पाचवा हिस्सा उरले. १९२४ मध्ये रविवारची सुट्टी सक्तीची झाली. शनिवार पाळायचा तर आठवड्यातले दोन दिवस बुडणार. जून १९३१ मध्ये कॅम्पबेल नावाच्या गरीब ज्यू वसाहतीला जमावानं आग लावली. हजारो लोक पॅरिसला गेले, काही पॅलेस्टाइनला. हैफाच्या बंदरानं तर इथले हमाल मुद्दाम बोलावून नेले.

तिसरा हात जर्मनांचा, आणि त्याला धरून असलेला चौथा, शेजाऱ्यांचा. ९ एप्रिल १९४१ ला जर्मन फौज आली. ११ जुलै १९४२, पुन्हा शनिवार, सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना एलेफ्थेरियास चौकात भर उन्हात तासन्‌तास उभं करून मारझोड केली आणि वेठबिगारीला जुंपलं. याच चौकात १९०८ मध्ये तरुण तुर्कांच्या क्रांतीची भाषणं झाली होती, 'स्वातंत्र्य चौक' हे नाव तेव्हाचं. वेठीवर माणसं मरू लागली तेव्हा समाजानं प्रचंड खंडणी देऊन त्यांना सोडवलं, आणि त्याच सौद्यात दफनभूमी गेली.

इथे थांबायला हवं. पूर्वेच्या तटाबाहेर सुमारे ३५ हेक्टरवर पसरलेली, किमान तीन लाख थडग्यांची ही दफनभूमी युरोपातल्या सर्वांत मोठ्या ज्यू दफनभूमींपैकी एक होती. विद्यापीठ १९२० च्या दशकात तिच्या शेजारी सुरू झालं आणि जागेची मागणी तेव्हापासूनच होती. १९३० च्या दशकात काही भाग देण्यावरून वाटाघाटीही झाल्या. डिसेंबर १९४२ मध्ये ती उकरायला सुरुवात झाली तेव्हा परवानगी जर्मनांची होती, पण कुदळी मारणारे मजूर नगरपालिकेचे होते. संगमरवर ढिगांनी विकला गेला. तो रस्त्यांत, अंगणांत, भिंतींत, आगीत जळालेल्या संत दिमित्रियोसच्या चर्चच्या दुरुस्तीतही वापरला गेला. युद्धानंतर ॲरिस्टॉटल विद्यापीठ त्याच जागेवर वाढलं. तिथे स्मारक उभं राहायला २०१४ साल उजाडलं.

फेब्रुवारी १९४३ मध्ये, ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइशमान, त्याची माणसं आली. पिवळा तारा, कोंडवाडा, आणि रेल्वे स्टेशनाला लागून असलेली बारोन हिर्श ही गरिबांची वसाहत तारांचं कुंपण घालून वेगळी केली गेली. १५ मार्चला पहिली गाडी सुटली. लोकांकडचे द्राख्मा घेऊन त्यांना पोलिश चलनाच्या पावत्या दिल्या होत्या. क्राकोला नवं आयुष्य सुरू करायचंय, अशी समजूत. ऑगस्टपर्यंत पंचेचाळीस हजारांवर माणसं नेली, जवळपास सगळी ऑश्विट्झला, आणि बहुतेकांना पोहोचताच मारलं. जे छावणीत शिरले त्यांना यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) येत नव्हती, जर्मन येत नव्हती, थंडीची सवय नव्हती. काहींना पुढे वॉर्सॉला जर्मनांनी जमीनदोस्त केलेल्या गेटोचा ढिगारा उपसायला नेलं, कारण त्यांना पोलिश येत नसल्यानं ते पळून स्थानिकांत मिसळणार नाहीत, असा हिशेब. मुख्य धर्मगुरू कोरेत्झ यांनी लोकांना शांतपणे जायला सांगितलं म्हणून त्यांच्यावर अजून दोषारोप होतात. मला तो सोपा मार्ग वाटतो. पन्नास हजार माणसांना लपवायला ज्या हजारो घरांची दारं उघडायला हवी होती, ती उघडली नाहीत. परत आले दोन हजारांच्या आत. त्यांच्या घरादुकानांत दुसरे राहत होते. इथला जर्मन प्रशासक मॅक्स मेर्टेन याला १९५९ मध्ये ग्रीक न्यायालयानं २५ वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच वर्षी तो जर्मनीला परत गेलेला होता.

तुमच्या तीन दिवसांसाठी. सुरुवात आयिऊ मिना रस्त्यावरच्या ज्यू संग्रहालयापासून करा. तळमजल्यावर उरलेले थडग्यांचे दगड आणि दफनभूमीचे जुने फोटो आहेत, ते आधी पाहिले की विद्यापीठाच्या आवारातून चालताना आपण कशावर चालतोय ते कळतं. तिथून पायी मोदियानो बाजार, १९२० च्या दशकात एली मोदियानोनं बांधलेला, हल्लीच दुरुस्त होऊन उघडलेला. सिंग्रू रस्त्यावरचं मोनास्तिरियोतोन सिनेगॉग हे युद्धातून वाचलेलं एकमेव मोठं सिनेगॉग, कारण रेडक्रॉसनं त्याचं कोठार केलं होतं. समुद्राकाठी एलेफ्थेरियास चौकाच्या कडेला जळत्या मेनोराचं (ज्यूंच्या सात फांद्यांच्या दिव्याचं) स्मारक आहे. चौक स्वतः कित्येक दशकं मोटारींचा तळ होता. दुसऱ्या दिवशी येनी जामी आणि वासिलिसिस ओल्गास रस्त्यावरचे वाडे: कासा बियांका, मोर्दोख, अल्लातिनी. शेवटच्या वाड्यात सुलतान अब्दुल हमीदला १९०९ ते १९१२ नजरकैदेत ठेवलं होतं. गाड्या जिथून सुटल्या त्या जुन्या रेल्वे स्टेशनाच्या भागातही जा.

कुणाला तिथे 'आता हे विषय कशाला' असं म्हणताना ऐकलंत तर वाद घालू नका, पण शहर बदलतंय हेही लक्षात घ्या. यानिस बुतारिस महापौर असताना २०१४ मध्ये नव-नाझी पक्षाचा माणूस नगरपालिकेत निवडून आला, तेव्हा ते शपथविधीला छातीवर पिवळा तारा लावून गेले. सध्या शहरात ज्यू हजार-बाराशे असतील. लॅडिनो घरात बोलणारे म्हातारे झाले आहेत. स्पेननं २०१५ मध्ये हाकललेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा केला आणि २०१९ मध्ये अर्ज घेणं बंद केलं.

सिनेगॉग पाहायचं असेल तर ज्यू समाजाच्या कार्यालयाला आधी ईमेल करा, पासपोर्ट बरोबर ठेवा, दारावरच्या सुरक्षारक्षकाचे प्रश्न मनाला लावून घेऊ नका. संग्रहालय शनिवारी बंद असतं, म्हणून तीन दिवसांत शनिवार येत असेल तर तो येनी जामी, वाडे आणि विद्यापीठासाठी ठेवा.